मगरुडाचा बाप

संघपाल मेश्राम डासही मारत नसे. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये राहून हे पाळायचं म्हणजे चेष्टा नाही. ओल्या मोसमात इथले डास माणसाला खुर्चीसकट उचलून नेतील की काय असं वाटतं. पण हातावर डास बसला की संघपाल हलकेच फुंकर घालायचा, डास उडायचा आणि शेजारी बसलेल्या माझ्या हातावर येऊन बसायचा. मी फटकन मारायचे. "मारला ना तू! पाहुणा होता तो माझा," असं म्हणून तो खरोखर हळहळायचा. आणि हा माणूस करोनाच्या काळात डार्विनमधल्या शिकाऱ्यांच्या एका टोळीचा सगळ्यात लाडका सभासद होता.

आम्ही दोघं इथल्या एका हॉस्पिटलात एकाच विभागात होतो. तो एक्स-रे काढायचा, मी सोनोग्राफी करायचे. तो नागपूरचा आणि मी पुण्याची, त्यामुळे भांडायला विषय शोधावा लागत नसे. त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. "ओ पुणेकर" एवढंच. हॉस्पिटलात त्याला सगळे पॉल म्हणायचे. संघपाल हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा लोकांनी पुढचा अर्धा भाग सोडून दिला. "संघ गेला, पाल उरली," असं तो म्हणायचा आणि भिंतीवरच्या पालीकडे बघून हात जोडायचा. डार्विनमध्ये हात जोडायला भिंतीवर पाल कायम हजर असते.

कामात मात्र तो एक नंबर होता. पेशंटला "होल्ड युअर ब्रेथ" म्हणताना स्वतःही श्वास धरायचा. का, तर पेशंटला एकटं वाटू नये. रांग मोठी असली की संध्याकाळपर्यंत पेशंट ठणठणीत आणि हा धापा टाकतोय. डब्यात सावजी मसाल्याचं काहीतरी लालभडक असायचं. डास न मारणारा माणूस मटण कसं खातो, असं मी एकदा पुणेरी सुरात विचारलं. "मी मारत नाही. दुसऱ्यानं प्रेमानं आणलं तर त्याचं मन मारायचं का? तीपण हिंसाच ना!" तो म्हणाला आणि रस्सा ओरपू लागला.

सुट्टीच्या दिवशी तो पहाटे उठून शहराबाहेरच्या पाणथळीवर पक्ष्यांचे फोटो काढायला जायचा. खांद्यावर तोफेएवढी लेन्स. त्यातूनच सगळं रामायण घडलं.

आमच्या हॉस्पिटलात डॅरिल नावाचा मेंटेनन्सचा माणूस होता. एसी, नळ, दिवे, दारं, सगळं त्याच्याकडे. हाफ पँट, पायांत जाडजूड बूट आणि मान नाहीच. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. एकदा टी रूममध्ये संघपाल फोनवर स्वतः काढलेले रानहंसांचे फोटो बघत बसला होता. डॅरिलनं वाकून पाहिलं.

"मॅगपाय गीज! डू यू शूट, मेट?"

आता मराठी माणसाला शूटिंग म्हटलं की कॅमेराच आठवतो. आपल्याकडे शूटिंग बघायला लोक पोराबाळांना घेऊन जातात. संघपाल खुलला.

"एव्हरी संडे."

"गेट मेनी?"

"लास्ट संडे? मेबी टू हंड्रेड. इन वन मॉर्निंग."

डॅरिलच्या हातातला मग तोंडापाशीच थांबला. इथं एका माणसाला दिवसाला मोजकेच हंस मारायची परवानगी असते.

"व्हॉट आर यू यूझिंग?"

"फोर हंड्रेड मिलिमीटर," संघपाल खांदा चोळत म्हणाला. "टू हेवी, मेट. माय शोल्डर इज फिनिश्ड."

चारशे मिलिमीटर तोंडाची बंदूक म्हणजे लढाऊ जहाजावरची तोफच. मी समोर संत्रं सोलत बसले होते आणि मला दोन्ही बाजू कळत होत्या. मी एक फोड तोंडात टाकली. असली मजा रोज मिळत नाही.

"अँड व्हॉट डू यू डू विथ देम ऑल?" डॅरिलनं जवळजवळ कुजबुजत विचारलं.

"मोस्ट, आय डिलीट. बेस्ट वन्स, आय हँग इन द हॉल."

त्याच आफ्टरनूनला, म्हणजे इथल्या भाषेत आर्व्होला, डॅरिलनं त्याला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. ग्रुपचं नाव 'मड अँड फेदर्स'. संघपालला वाटलं, पक्षीप्रेमी मंडळी असतील. त्यानं आनंदानं ग्रुप उघडला आणि पाहतो तो काय, मेलेल्या रानडुकरामागे गुडघे टेकून हसणारा डॅरिल, मेलेल्या म्हशीवर कोपर टेकून हसणारा दुसरा कुणी, आणि गाडीच्या मागच्या फळीवर ओळीनं मांडलेले हंस. तो धावत माझ्या खोलीत आला.

"पुणेकर, हे लोक खरंच मारून राहिले ना!"

"मग तुला काय वाटलं, चारा घालतात?"

"तुला माहीत होतं?"

"तू इतका रंगून बोलत होतास," मी म्हटलं, "मध्ये कशाला पडायचं?"

ग्रुपमधून गुपचूप निघून जायचं त्यानं ठरवलं. पण तेवढ्यात डॅरिलचा मेसेज आला की पॉल, तुझे दोनशे दाखव ना. खोटं बोलणं ह्याच्या रक्तात नाही. त्यानं आपले निवडक फोटो पाठवून दिले. पहाटेच्या उजेडात उडणारे हंस, पाण्यावर उतरणारे हंस, पिल्लांना पंखाखाली घेतलेली हंसी. ग्रुपवरच्या सगळ्यांनी ते पाहिले. मग कुणीतरी लिहिलं, "मेट, दे आर ऑल अलाइव्ह."

संघपालनं उत्तर दिलं, "येस! थँक यू!"

हे प्रकरण इथंच संपायचं. पण त्याच संध्याकाळी त्याच्या हातून ती चूक झाली. ती समजायला आधी यशूची गोष्ट सांगायला हवी.

यशू म्हणजे संघपालची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. त्याची बायको प्रज्ञा तिला घेऊन नागपूरला भावाच्या लग्नाला गेली होती. तीन आठवड्यांत परत यायचं होतं. लग्न झालं, मांडव उतरला आणि ऑस्ट्रेलियानं दारं लावून घेतली. आपल्याच माणसांना परत येता येत होतं म्हणे, पण विमानात जागा असली तर. तिकीट मिळायचं आणि रद्द व्हायचं, पुन्हा मिळायचं आणि पुन्हा रद्द. शेवटी तर नवऱ्या मुलाला मूल झालं, बारसं झालं, तरी लग्नाला गेलेली वऱ्हाडी मंडळी परत आली नव्हती.

सुरुवातीला यशू व्हिडिओ कॉलवर स्क्रीनला पापे द्यायची. मग तिला कंटाळा यायला लागला. नागपुरात मामा होता, अंगण होतं, कुत्र्याची पिल्लं होती. फोनमधल्या बापाकडे काय होतं? कॉल बंद करायचं लाल बटण कुठं असतं ते तिनं शिकून घेतलं आणि ते ती फार तत्परतेनं दाबायची. मला हे संघपालनंच सांगितलं, हसत हसत. पण सांगताना तो पेशंट नसतानाही श्वास धरून होता. ही पोट्टी आपल्याला विसरून चालली आहे, ही एकच भीती त्या माणसाला होती. बाकी करोना-बिरोना सगळं त्यानं पचवलं होतं.

मग त्यानं युक्ती काढली. यशूला भेंड्या आवडायच्या. गाण्याच्या नाही, प्राण्यांच्या. एकानं मगर म्हटलं की दुसऱ्यानं 'र'वरून रेडा म्हणायचं. संघपालनं ठरवलं की ज्यांची अक्षरं जुळतील त्या प्राण्यांची जोडी लावायची आणि दोघांचा मिळून एक फोटो करायचा. फोटोतली हाडं कुठं जोडायची हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? फोटो पाठवायचा, दोन सूचक वाक्यं टाकायची आणि यशूनं ओळखायचं. ओळखेपर्यंत लाल बटण दाबायचं नाही, असा करार.

पहिला प्राणी केला डुक्करकोचा, म्हणजे डुक्कर अधिक करकोचा. घरात डुकराचा फोटो नव्हता, तेव्हा त्यानं ग्रुपवरचं डॅरिलचं रानडुक्कर घेतलं. आधी त्याचं रक्त पुसलं, मग त्याचे डोळे उघडले. "मेलेलं जनावर माझ्या पोट्टीला कसं दाखवू?" असं तो म्हणायचा. त्यानं पुढं जेवढे प्राणी केले त्यांच्यातला एकही मेलेला नव्हता; सगळे टक्क डोळे उघडून बघायचे. डुकराला त्यानं करकोच्याचे लांबलचक लाल पाय लावले. मागे गुडघे टेकून बसलेला डॅरिल काढायचा राहून गेला. त्यामुळे डुक्कर उंच आभाळात आणि डॅरिल खाली त्याच्या गुडघ्याला अभिमानानं मिठी मारून बसलेला, असं ते दृश्य झालं.

आणि हा फोटो नागपूरला जायच्याऐवजी गेला 'मड अँड फेदर्स'वर. सोबत ध्वनिमुद्रित संदेश. डार्विनमधल्या यच्चयावत शिकाऱ्यांनी लाडिक मराठीत ऐकलं, "यशू राणी, बघ बरं कोण आलं! चिखलात लोळतो पण, चिखलात उभा राहतो पण! ओळख आणि मग मम्मं करून झोप हं, माझं पिल्लू."

दुसऱ्या दिवशी डॅरिल शिडीवर चढून आमच्या विभागाचा एसी दुरुस्त करत होता. अधूनमधून छतातून हसण्याचा आवाज यायचा आणि शिडी हलायची. शेवटी तो खाली उतरला, संघपालसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पॉल, दॅट्स द बेस्ट फोटो ऑफ मी एव्हर टेकन." मग विचारलं, "हू इज यशूरानी?"

संघपालनं सांगितलं. डॅरिलनं ऐकून घेतलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली आणि गेला. त्यानं ग्रुपवर काय लिहिलं कोण जाणे. पण संध्याकाळपर्यंत संघपालच्या फोनवर डुकरं, म्हशी, मगरी, घोरपडी, बेडूक असा फोटोंचा पूर आला आणि प्रत्येकाखाली मजकूर एकच, 'फॉर द लिटल गर्ल'.

तिथून जे सुरू झालं त्याला वेडेपणाशिवाय दुसरा शब्द नाही. बेडूक अधिक डुक्कर म्हणजे बेडुक्कर. इमू अधिक मुंगूस म्हणजे इमुंगूस. मगर अधिक गरुड म्हणजे मगरुड. हा विजेच्या खांबावर बसून खालच्या जगाकडे अशा तुच्छतेनं बघायचा की नावातला मगरूरपणा चेहऱ्यावर उतरला होता. मगरुड ही संघपालची सर्वोत्तम निर्मिती, असं माझं मत आहे. काही शिकाऱ्यांनी तो छापून घेऊन गाडीच्या काचेवर लावला होता.

नियमाच्या बाबतीत संघपाल भलताच कडक. एकदा डॅरिलनं म्हैस आणि मगर एकत्र करायची मागणी केली.

"नॉट पॉसिबल, मेट. नॉट मॅचिंग."

"व्हाय नॉट? दे लिव्ह इन द सेम बिलाबाँग!" बिलाबाँग म्हणजे नदीचं साचलेलं पाणी.

"सेम गाव इज नॉट इनफ," संघपाल म्हणाला. "म्हैस एंड्स इन स. मगर स्टार्ट्स विथ म. पत्रिका नॉट मॅचिंग."

मी हसायला लागले. "तू आणि पत्रिका? तुझा विश्वास कधीपासून?"

"माणसांच्या बाबतीत अजिबात नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "पण जनावरांच्या बाबतीत पाहावं लागते. एकदा जोडले की मग काडीमोड नाही ना."

परिणाम असा झाला की शिकाऱ्यांना मराठी शिकावी लागली. आपण पाठवलेल्या फोटोची जोडी जमावी म्हणून ती दांडगी माणसं प्राण्यांची मराठी नावं पाठ करू लागली. डॅरिल खिशातल्या चिठ्ठीत डोकावून बघत कॉरिडॉरमधून जायचा आणि पुटपुटायचा, "गोर्पड... गोर्पड..." एकदा तो माझ्या खोलीत पेशंट असताना दार उघडून ओरडला, "घोरपड प्लस डास! घोरपडास! टेल पॉल!" आणि गेला. टेबलावरच्या बाईंनी मला विचारलं, काही गंभीर निघालं का? मी म्हटलं, नो वरीज, सगळं नॉर्मल आहे.

घोरपडास खरंच केला गेला. घोरपडीच्या अंगाला डासाचे पंख आणि तोंडाला डासाची सोंड. संघपाल त्याच्याकडे डोळे भरून बघायचा. "ह्याला मारून दाखव आता," असं मला म्हणाला.

नागपूरच्या बाजूलाही यश येत होतं. यशू कॉलची वाट बघायला लागली. "आज कोण आहे?" हे तिचं पहिलं वाक्य असायचं. "बाबा कसा आहेस" नाही, "आज कोण आहे". संघपालला त्याचंही कौतुक. शिफ्ट संपली की तो माझ्या टेबलापाशी येऊन बातमी द्यायचा, "आज इमुंगूस पटकन ओळखला पोट्टीनं. नंतर बोलत बसली माझ्याशी. मामानं पतंग आणला म्हणे." तो पतंग कुठल्या रंगाचा, मांजा कसा, सगळं मला ऐकावं लागायचं. नागपूरहून वाईट बातम्या येऊ लागल्या, गल्लीतली माणसं जाऊ लागली, प्रज्ञाचे वडील आजारी पडून उठले, तेव्हा हा एका दिवसात दोन-दोन प्राणी करायचा. मी त्याला थांबवलं नाही. दुसरं काय करणार होता तो?

मग आला म्हैसरडा.

म्हैस अधिक सरडा. इथं एक सरडा असतो, चिडला की गळ्याभोवतीची कातडी छत्रीसारखी उघडतो. ती छत्री संघपालनं रानम्हशीच्या गळ्यात बसवली. म्हैस धुळीतून थेट तुमच्या अंगावर येतेय, शिंगं रोखलेली, आणि मानेभोवती केशरी छत्री फुललेली. फोटो इतका जमला की कुणीतरी तो ग्रुपबाहेर पाठवला. चार दिवसांनी मला पुण्याहून माझ्या मावशीचा मेसेज आला. 'ऑस्ट्रेलियात लॉकडाऊनमुळे परतला लाखो वर्षांपूर्वीचा प्राणी. निसर्गाचा चमत्कार पाहा. दहा जणांना पाठवा.' खाली मावशीची स्वतःची ओळ होती: 'तू तिकडे एकटी फिरू नकोस. आणि सी व्हिटॅमिन घे.'

मी तो फोन संघपालसमोर धरला. आम्ही दोघं एक्स-रे रूमच्या शिशाच्या दारामागे जाऊन पोट धरून हसलो. पण तोच मेसेज फिरत फिरत नागपुरात प्रज्ञाच्या वडिलांच्या फोनवर पोचला होता. निवृत्त पोस्टमास्तर; छापून आलेलं खरं मानणारा माणूस. त्यांनी जाहीर केलं, असली जनावरं मोकाट हिंडतात तिथं माझी नात जाणार नाही. प्रज्ञानं समजावलं की यशूच्या बाबांनीच केलंय हे. ते म्हणाले, जावई एक्स-रे काढतो, त्याला एवढं कुठून येणार? आणि यशूनं आजोबांचं ऐकून कॉलवर सांगितलं, "मी नाही येणार. तिथे म्हैसरडा आहे."

"अगं, तो तर आपला आहे! बाबानं केला ना!" संघपाल म्हणाला.

"तो खोटा होता. आता खरा आलाय. नानांच्या फोनमध्ये आला," यशू म्हणाली आणि तिनं लाल बटण दाबलं.

त्या दिवशी संघपालच्या डब्यातला लालभडक रस्सा तसाच राहिला. पोरीला धरून ठेवायला जे केलं त्यानंच ती दूर चालली होती आणि नेमकं त्याच आठवड्यात विमानाचं तिकीट पक्कं होण्याची चिन्हं होती. मला त्याची दया आली, आणि डॅरिलला माझ्याहून जास्त आली असावी. तो म्हणाला, "लीव्ह इट विथ अस."

रविवारी 'मड अँड फेदर्स'नं एक व्हिडिओ काढला. मी तो पाहिला आहे आणि अजून आठवला की हसू आवरत नाही. ते सगळे गडी पाणथळीकाठी ओळीनं उभे, शर्टाच्या गुंड्या लावलेल्या, टोप्या काढलेल्या, बंदुका कुठंही नाहीत. डॅरिल पुढं येतो आणि सरकारी अहवाल वाचावा तसा म्हणतो, "हॅलो यशूरानी. वी लुक्ड एव्हरीव्हेअर. नो मायसर्डा." मग दुसरा झुडूप बाजूला करून दाखवतो, "नो मायसर्डा हिअर." तिसरा गाडीखाली वाकून बघतो, "नो मायसर्डा." चौथा गुडघाभर पाण्यात जातो, काहीतरी पायाला लागतं म्हणून किंचाळून बाहेर येतो आणि हात वर करून सांगतो, "जस्ट अ स्टिक!"

नागपुरात घरातल्या सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला. नानांना इतके गोरे लोक आपल्या नातीला हॅलो म्हणतात हे फार आवडलं. त्यांचा विरोध जागच्या जागी मावळला. पण यशूचं तोंड उतरलं. तिनं विचारलं, "सगळे मारून टाकले का त्यांनी?"

हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. संघपालनं तो ग्रुपवर जसाच्या तसा इंग्रजीत लिहिला. बंदूकवाली मोठमोठी माणसं एवढी ओशाळलेली मी पाहिली नव्हती. डॅरिल दोन दिवस आमच्या विभागाकडे फिरकला नाही. मग त्यांचा दुसरा व्हिडिओ गेला. त्यात सगळ्यांनी छातीवर हात ठेवून शपथ घेतली होती की ज्या प्राण्याच्या नावात दोन प्राणी आहेत त्याला ह्या प्रांतात कुणी हात लावणार नाही, कुठल्याच मोसमात. यशूनं विचार केला आणि म्हणाली, "बरं. मग येते."

मध्ये भारतातून येणारी विमानंच बंद झाली, पुन्हा सुरू झाली, आणि शेवटी एकदाच्या प्रज्ञा आणि यशू डार्विनला उतरल्या. उतरल्या आणि तशाच बसमध्ये बसवून त्यांना हॉवर्ड स्प्रिंग्जच्या क्वारंटाइन कॅम्पमध्ये नेलं. घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. एवढ्या जवळ असून भेटायची सोय नाही. संघपाल वेड्यासारखा रोज तिकडच्या रस्त्यानं गाडी फिरवून यायचा.

आणि त्या दिवसांत त्यानं एकही प्राणी केला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "सुचून नाही राहिलं." मग एकदम म्हणाला, "पुणेकर, तिला प्राणीच आवडतात. मी नाही. मी नुसता पोस्टमन. समोर आलो आणि तिनं ओळखलंच नाही तर?"

  चार वर्षांची पोर गेली होती, साडेपाचची होऊन येत होती. "नाही ओळखलं तर ओळख करून घे," मी म्हटलं. "तुला काय, शिकाऱ्यांशी ओळख करून घेता आली." तो हसला नाही.

सुटका झालेल्या माणसांना बस विमानतळावर आणून सोडायची. संघपालनं मला सोबत बोलावलं, एकट्याला धीर नव्हता म्हणून. सामानासाठी डॅरिल गाडी घेऊन आला होता. त्यानं गाडी धुतली होती आणि बहुधा स्वतःलाही. संघपाल इस्त्रीचा शर्ट घालून उभा. ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली असावी.

बस आली. माणसं उतरली. प्रज्ञा उतरली, तिनं संघपालकडे पाहून हात हलवला. तिच्या ओढणीमागून यशू बाहेर आली. तिनं वर बघितलं आणि अगदी सहज, कॉलवर म्हणायची तसं म्हणाली, "हॅलो बाबा."

एवढ्यावर संघपालची सगळी तयारी वाहून गेली. तो नुसता मान हलवत राहिला. पण यशूचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर थांबले नव्हते. ते खाली सरकले. शर्ट, पट्टा, पँट, गुडघे, चपला. मग तिनं आईचा हात ओढला आणि सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आई! बाबाला पाय आहेत!"

प्रज्ञा रडता रडता हसायला लागली. "दीड वर्ष नुसतं डोकंच पाहिलं ना हिनं," ती मला म्हणाली.

यशू पुढं आली. वाकली. एक बोट लावून तिनं त्याचा गुडघा दाबून बघितला.

"खरे आहेत?"

"खरे आहेत," संघपाल कसाबसा म्हणाला. गालांवरून पाणी मास्कमध्ये उतरत होतं.

"मग चालून दाखव."

तो चालला. चार पावलं पुढं, चार पावलं मागे, एखाद्या पेशंटनं प्लॅस्टर काढल्यावर चालावं तसा जपून. यशू कमरेवर हात ठेवून बघत होती. डॅरिलला शब्द कळत नव्हते, पण त्यानं टोपी काढून तोंडावर धरली होती.

"आता पळून दाखव," यशू म्हणाली.

आणि संघपाल मेश्राम इस्त्रीच्या शर्टात, चपला फटफटवत, मोठमोठ्यानं रडत डॅरिलच्या गाडीभोवती पळत सुटला. दुसऱ्या फेरीला यशू त्याच्या मागे धावत होती.